वाघोबाला थेंबभर तेल

माझा देवावर राग नव्हता, पण भरवसाही नव्हता. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं तेव्हा मी बोईसरच्या एका गॅरेजात मेकॅनिक होतो, आणि हाताला लागतं तेवढंच खरं, असा माझा खाक्या होता. बांधकामावरच्या एका परदेशी साहेबाची लांबलचक गाडी माझ्याकडे दुरुस्तीला आली. तिला क्लच नव्हता. गिअर आपोआप बदलत. आता ते बदलेनासे झाले होते. इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी जागची हलायची नाही, मग एकदम हिसका देऊन पुढे जायची. गिअरबॉक्सचं तेल मोजायची पट्टी मी सर्वांत आधी काढून पाहिली. तेल खुणेपर्यंत होतं. मग गिअरचे दांडे साफ केले, स्क्रू पिळून पाहिले, आणि शेवटी हात टेकले.

त्यातच गावाहून, मासवणहून, निरोप आला, बाबांचा अंतर्गळ, म्हणजे हर्निया, अडकलाय. आजच पालघरला नेऊन शस्त्रक्रिया झाली नाही तर आतडं सडेल, असं तिथल्या डॉक्टरने बजावलं होतं. दुसरी गाडी मिळेना. साहेब म्हणाला, हीच घेऊन जा. मासवणला कसाबसा पोचलो आणि बाबांना मागच्या सीटवर निजवून पालघरच्या वाटेला लागलो.

वाघोबाच्या खिंडीचा चढ लागला आणि गाडीने दगा दिला. खिंडीतल्या वाघोबाच्या, म्हणजे वाघदेवाच्या, देवळासमोरच्या सपाट जागेवर ती रखडत आली. चढ अजून बाकी होता. बाबा कण्हत म्हणाले, "थांब रं. वाघोबाला हात जोडल्याबिगर आमी कदी खिंड वलांडली नाय."

मी चिडलोच. पोटात आतडं पिळवटतंय आणि यांना नमस्कार सुचतोय! तरी थांबलो, कारण गाडी तशीही चालत नव्हती. इंजिन मात्र बंद केलं नाही. बॅटरी थकलेली होती आणि ही गाडी ढकलून सुरू होणारी नव्हती.

देवळाशी एक बाई पानावर कोरडा शेंदूर घेऊन बसली होती. तिची तेलाची बाटली वाटेत फुटली होती. ती उठून आली. "भाऊ, गाडीत तेल हाय का? थेंबभर दे. देव कोरडा ऱ्हायला."

मी नाही म्हणणार तोच बाबा आतून म्हणाले, "दे तिला. देवाला नाय म्हनू नको."

वाद घालत बसण्यापेक्षा देऊन मोकळं व्हावं म्हणून बॉनेट उघडलं. इंजिनचं तेल काळं. गिअरबॉक्सचं लाल असतं, तेच शेंदराला बरं, म्हणून ती पट्टी ओढली. ती कोरडी निघाली. पुन्हा घालून काढली. पुन्हा कोरडीच.

आजवर प्रत्येक गाडीचं तेल मी इंजिन बंद करून पाहत आलो होतो. आमच्या सगळ्यांची तीच रीत. या गिअरबॉक्सात इंजिन चालू असताना तेल वर खेचलं जातं, आणि बंद केलं की खाली उतरून पट्टी भरलेली दाखवतं, हे माझ्या गावीही नव्हतं; ते त्या कोरड्या पट्टीने दाखवलं. तेल कमी पडलं होतं, एवढाच काय तो रोग. डिकीत साहेबाचा त्याच तेलाचा सीलबंद डबा पडून होता. पट्टीच्या नळीतून तेल ओतायला नरसाळं नव्हतं, तर बाईने न सांगता सागाचं पान गुंडाळून हातात दिलं. डब्यात उरलेलं तेल मी तिच्या शेंदरात ओतलं. तिने ते देवाला माखलं, आणि मला रडू आलं.

गाडी एकही हिसका न देता चढ चढून गेली. बाबांची शस्त्रक्रिया वेळेत झाली. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिलं विचारलं, "तिला तेल दिलंस ना?"

याला कोणी योगायोग म्हणेल. म्हणू दे. मला एवढंच वाटतं की आपल्याला देव लागतो का, हेही मी इंजिन बंद करूनच तपासत आलो होतो, सगळं ठीक असताना, सवडीने. तेव्हा माझ्यात काही कमी आहे असं दिसतच नसे. त्या दिवशी मी त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं. मागितलं त्याने, आणि मी कुरकुरत का होईना, दिलं.

बाबा पुढे खूप जगले. आजही खिंडीतून जाताना मी थांबतो, वाघोबापुढे तेलाची बाटली ठेवतो आणि हात जोडतो. गाडी मात्र चालूच ठेवतो.