हवेला टाइम द्या

"हवेला टाइम द्या, सर."

हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकलं, तितक्या वेळा माझं नावही ऐकलं नसेल. म्हणणाऱ्या होत्या आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतल्या मावशी. म्हणायच्या आधी त्या बाटलीच्या पोटाला तळहात लावायच्या, तापल्या लेकराचं कपाळ बघावं तसा, आणि मग माझ्याकडे बघायच्या. बाटली निवांत असायची. घाम मला फुटलेला असायचा.

मी तेव्हा भाईंदर पूर्वेला, नवघरमधल्या एका शाळेत शिक्षणसेवक म्हणून लागलो होतो. शिक्षणसेवक म्हणजे तीन वर्षं सगळ्यांना हसून नमस्कार करणारा माणूस. तीन वर्षं धड निभावली तर नोकरी कायम, नाहीतर घरी. मी एमएस्सी होतो आणि हे कुणी विचारायच्या आधीच सांगायचो. मावशी समुद्राकडच्या डोंगरी गावाहून बस बदलत यायच्या, आठवी पास होत्या, आणि ते विचारलं तरी सांगायच्या नाहीत.

माझा पहिला प्रयोग तुम्हीही शाळेत पाहिला असेल. बाटलीच्या तोंडाला फुगा लावायचा, बाटली गरम पाण्यात ठेवायची. आतली हवा तापून प्रसरण पावते आणि फुगा उभा राहतो. मागच्या बाकावर मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, वही उघडून बसल्या होत्या. मी फळ्यावर नियम लिहिला, त्याखाली दोन रेघा ओढल्या, बाटली पाण्यात ठेवली आणि म्हणालो, "बघा!"

मुलांनी बघितलं. फुगा मान टाकून पडला होता.

"बघा," मी पुन्हा म्हणालो.

"काय बघू, सर?" पहिल्या बाकावरच्या मुलीने अगदी मनापासून विचारलं.

मावशी दारातून पुढे आल्या. पाण्यात बोट घालून म्हणाल्या, "हे आंघोळीचं पानी हाय, सर." मग त्यांनी फुगा काढून दोन-तीनदा तोंडाने फुगवून सैल केला, परत बसवला, स्टाफरूममध्ये चहासाठी ठेवलेलं उकळतं पाणी आणून ओतलं आणि हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. "आता हवेला टाइम द्या." फुगा डुलत डुलत उठला. वर्गाने टाळ्या वाजवल्या, आणि मी त्या वाकून स्वीकारल्या. मोठ्या बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं.

प्रयोगशाळेच्या कपाटात सॉसची एक जुनी काचेची बाटली होती. साफसफाईत ती दोनदा भंगारात गेली होती, म्हणून मावशींनी तिच्यावर चिठ्ठी चिकटवली होती: 'रिकामी न्हाय. हवा हाय.' पहिल्यांदा वाचली तेव्हा मी शुद्धलेखन सुधारायला लाल पेन बाहेर काढलं. मग विज्ञान बरोबर आहे हे लक्षात आलं आणि पेन गुपचूप खिशात ठेवलं.

ती बाटली मावशींच्या खास प्रयोगाची. ती बर्फात गार करायची, तोंडावर ओला केलेला एक रुपया ठेवायचा आणि दोन्ही तळहातांनी बाटली धरून गप्प बसायचं. थोड्या वेळाने रुपया टक् करून उडायचा. परत बसायचा, परत टक्. "ना बर्नर, ना काय. नुसती हाताची ऊब," मावशी सांगायच्या. बर्फ त्या मासळी बाजारातून डब्यात आणायच्या, त्यामुळे प्रयोगाला बोंबलाचा वास यायचा. अर्धा वर्ग नाक दाबून बसायचा आणि उरलेल्या अर्ध्याला भूक लागायची.

मी बाटली धरली की रुपया ढिम्म. मी वायूंचे सगळे नियम पाठ म्हणून दाखवले असते, पण रुपयाला त्याचं काही नव्हतं.

"पंखा फुल करता, आनि लवकर सोडता," मावशी म्हणायच्या. "हवेला..."

"टाइम द्या. कळलं, मावशी."

कळलं नव्हतं.

तिसऱ्या वर्षी, कायम व्हायला दोन महिने उरले असताना, मावशी एक दिवस रजेवर होत्या. नातीचं बारसं होतं. त्यांच्याशिवाय प्रयोगाला हात लावायची माझी छाती नव्हती, म्हणून मी सातवीच्या वर्गात नुसतं तोंड चालवलं. मुलांना हसवायची मला भारी हौस. म्हणालो, "घरी गॅस संपत आला की आई सिलिंडर आडवा करते, काही जण तर गरम पाण्यात ठेवतात! का? तापला की गॅस जोर करतो. झालं, आई पण शास्त्रज्ञ!" वर्ग खो खो हसला आणि मी खूश.

दुसऱ्या दिवशी तो विनोद मी मावशींना ऐकवला. त्या हसल्या नाहीत. "पोरं घरी जाऊन करतील, सर. वर्गात सांगा, असलं करू नका म्हनून. लई वाईट असतं ते."

"सांगतो ना, पुढच्या तासाला."

पुढच्या तासाला चाचणी होती. त्याच्या पुढच्या तासाला मी विसरलो.

मग आठवड्याभराने एका मुलीचे वडील मोठ्या बाईंच्या केबिनमध्ये आले. घरी गॅस संपत आला होता आणि आई कामावरून यायची होती, म्हणून मुलीने टबात उकळतं पाणी ओतलं आणि सिलिंडर ओढत नेऊन त्यात ठेवायला गेली. सिलिंडर कलंडला, पाणी पायावर आलं. दोन्ही पावलं भाजली होती. सिलिंडर फुटला नाही, एवढंच नशीब. वडील एवढंच म्हणाले, "शाळेत सांगितलं म्हणते. कोणी सांगितलं?"

मी तिथेच उभा होतो. तोंड उघडलं. डोळ्यांपुढे ती पोर यायला हवी होती, आली ती कायम नोकरीची ऑर्डर. मी घसा खाकरला आणि चपलेकडे बघत राहिलो.

"मी बोलले," मावशी म्हणाल्या. त्या चहाचा ट्रे घेऊन आल्या होत्या. "मस्करीत बोलले. चुकी झाली, दादा."

प्रयोगशाळेला कुलूप लागलं. मावशी गेटवर स्टुलावर बसू लागल्या. दोन महिन्यांनी माझी ऑर्डर आली, मी स्टाफला पेढे वाटले आणि मावशींना द्यायला गेटवर गेलो तेव्हा पुडा हातात जड झाला.

"मावशी, तुम्ही असं का केलंत?"

"माझे नोकरीचे सा महिने ऱ्हायलेत, सर. तुमचं अख्खं आयुष्य."

"मी उद्या मोठ्या बाईंना सांगतो."

"सांगा की." त्यांनी पेढा घेतला, अर्धा मला परत दिला.

तो उद्या काही उजाडला नाही. मावशींच्या निरोप समारंभात साडी आणि नारळ देऊन झाल्यावर भाषण मीच केलं. ठरवून उभा राहिलो होतो, आणि 'मावशी म्हणजे शाळेचा कणा' असलं काहीतरी बरळून खाली बसलो. जाताना त्या जवळ आल्या. "छान बोललात. पन हवेपेक्षा लई टाइम घेता तुम्ही, सर."

पुढच्या वर्षी खडू शोधायला म्हणून प्रयोगशाळा उघडली, तर कपाटात ती बाटली. चिठ्ठी पिवळी पडली होती. मला स्वतःची इतकी लाज वाटली की खडू न घेताच केबिनमध्ये गेलो.

"बाई, ते सिलिंडरचं मी बोललो होतो."

मोठ्या बाई सह्या करत राहिल्या. "माहीत आहे. तुमचा तो तास झाला त्या दिवशी मावशी रजेवर होत्या. अर्जावर माझीच सही आहे."

"मग तुम्ही तेव्हाच..."

"तुम्ही बोलाल म्हणून वाट बघत होते. नंतर मावशींना विचारलं, खोटं का बोललात? गेटवरची ड्यूटी त्यांनीच मागून घेतली. म्हणाल्या, सर सांगतील, त्यांना टाइम द्या."

मी तिथेच बसून लेखी खुलासा लिहून दिला. संध्याकाळी त्या मुलीच्या घरी गेलो. वडिलांनी जे सुनावलं ते सगळं ऐकून घेतलं. त्यात चुकीचं काही नव्हतं. रविवारी बसने डोंगरीला गेलो. मावशींच्या दाराला कुलूप होतं. शेजारची बाई जाळीतून म्हणाली, "ती न्हाय आता. महिना झाला."

मी ओट्यावर बसून रडलो. त्या बाईने पाणी आणून दिलं आणि विचारलं, "तुमी कोन तिचे?" मी रिकामा पेला तिला परत दिला आणि बसकडे निघालो.

प्रयोगशाळा आता उघडी असते. दरवर्षी सातवीला मी पंखा बंद करतो, गार बाटलीवर ओला रुपया ठेवतो, तळहात लावतो आणि सिलिंडरची गोष्ट सांगतो. कुणी काय बोललं, कुणाचे पाय भाजले, कोण चपलेकडे बघत बसलं, सगळं. मुलं विचारतात, "ते सर कोण?" मी म्हणतो, "मी." तोवर कधीतरी रुपया टक् करून उडतो.

मुलं टाळ्या वाजवतात. मी दाराकडे बघतो.