देवाच्या मिशांचं सोनं

वेंगुर्ल्याकडच्या आमच्या गावात भिकाजी सोनार एकटाच, आणि एकटाच पुरे होता. तोंडाचा फटकळ, पण हाताचा खरा. त्रेसष्ट साली दिल्लीत कुणाच्या डोक्यात काय शिरलं देव जाणे, हुकूम सुटला: दागिना घडवायचा तो चौदा कॅरेटचाच, जुनं सोनं आटवलं तरी. नाहीतर परवाना रद्द, वर तुरुंग.

भिकाजी भडकला. "चोवीसात धा भाग भेसळ? मगे माका तांबट म्हणा! ह्यांच्यातल्या एकान तरी कधी फुंकणी फुकली हा काय?"

मी शेजारी, शाळामास्तर. माझंही डोकं फिरायचं. अहो, गिऱ्हाईक राजी, सोनार राजी, सोनं बाईच्या आज्जीचं; मध्ये हे कोण टिकोजीराव? चौदाचं डोरलं ठोकताना चिरायचं. लोक फिरकेनात. दोन महिने भट्टी थंड. भिकाजीची बायको राधाबाई काजूच्या कारखान्यात बिया सोलायला जाऊ लागली.

त्यात ग्रामदेवाच्या सोन्याच्या मिशा तुटल्या, आणि शिमग्याची पालखी आठ दिवसांवर! मानकरी घाबरले. आमच्याकडे अडलं की देवालाच कौल लावतात. गुरवाने मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या; आधी गळेल ती पाकळी म्हणजे देवाचं उत्तर. "देवा म्हाराजा, चौदा कॅरेट चलत असात तर उजवी दी."

डावी पडली. पुन्हा विचारलं. पुन्हा डावीच.

"झाला मां समाधान?" भिकाजी उठला. "देवाक कळता, सरकाराक कळणा नाय!" त्याच दुपारी त्याने जुनं सोनं जसंच्या तसं आटवून मिशा घडवल्या.

कुणीतरी मेल्याने चुगली केली. पालखीच्या सकाळी तालुक्याचे साहेब देवळात हजर. त्यांनी पिशवीतून कसोटीचा दगड काढला, उलटासुलटा केला. सोनं त्यावर घासून पारखायचं कसं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं, आणि दहा मैलांत दुसरा सोनार नाही.

"तुम्हीच पाहून सांगा," साहेब भिकाजीला म्हणाले.

राधाबाईने डोळे मिटून घेतले. भिकाजीने मिशी दगडावर घासली, वर तेजाबाचा थेंब सोडला आणि बराच वेळ बघत राहिला. देवासमोर खोटं बोलायची आमच्यात कुणाची छाती नाही.

"चौदा," भिकाजी म्हणाला. "पक्के चौदा."

साहेबांनी कागदावर तसं लिहिलं, सही ठोकली. मग मिशांचा तो पिवळाधमक रंग निरखत भिकाजीच्या जवळ सरकले आणि हळूच म्हणाले, "वैशाखात मुलीचं लग्न आहे हो. आम्हालाही असंच चौदा कॅरेट करून द्याल?"