शामलाबाईंची जागा

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर सामान फारसं नाही. डावीकडे विटांची पसरट, बैठी इमारत. उजवीकडे संथ कालवा. मधे दहा-बारा पावलांची हिरवळ. साल २०२०, एप्रिलातली गार सकाळ, आणि गाव स्नेक, नेदरलँड्सच्या उत्तरेकडच्या सरोवरांच्या मुलखातलं. हिरवळीवर घडीच्या स्टुलावर चौऱ्याहत्तर वर्षांचे हरिहरराव बसले आहेत. हातात गळाची काठी, पायाशी बादली. पाठ इमारतीकडे.

नटाने प्रेक्षकांना पाठ दाखवू नये म्हणतात. पण हरिहररावांचा इलाज नव्हता. पाणी समोर होतं आणि प्रेक्षक मागे, बंद काचेआड. प्रेक्षकही एकच: त्यांची बायको, शामलाबाई.

मार्चच्या सुरुवातीला शामलाबाई जिन्यावरून घसरल्या आणि खुबा मोडला. शस्त्रक्रिया झाली, पुन्हा चालायला शिकवण्यासाठी त्यांना या इमारतीत आणलं, आणि आठवड्याभरात साथीमुळे सगळी दारं बंद झाली. नवऱ्यालाही आत जायची मुभा नाही. बाईंनी भिंतीकडे तोंड केलं ते केलंच.

नीन्के नावाची फिजिओथेरपिस्ट होती, तिने फोन केला. "साहेब, त्या उठायलाच तयार नाहीत. मी हात धरला की डोळे मिटून घेतात. मेअखेरपर्यंत दहा पावलं चालल्या नाहीत, तर त्यांना घरी पाठवता येणार नाही. कायमचं इथेच ठेवावं लागेल. तुमच्या त्या उभ्या जिन्याचा फोटो पाहिलाय मी."

हरिहररावांनी फोन ठेवला. मग परसातल्या खोपटातून बायकोची गळाची काठी काढली. दुसरं काय करणार? आत जाता येत नाही, तर निदान तिला दिसेल असं बसावं. रिकाम्या हाताने बसलं तर लोक हटकतील. मासे धरायचा परवाना होता, बाईंनीच दरवर्षी हट्टाने त्यांच्या नावाचाही काढून ठेवलेला, कोरा करकरीत.

कारण मासे धरणं हे हरिहररावांचं काम कधीच नव्हतं. ते दूध डेअरीतले इंजिनिअर, जन्माचे शाकाहारी. नागपूरला नोकरीत असताना भंडाऱ्याकडच्या एका तलावाकाठच्या मासेमार ढीवरांच्या मुलीशी लग्न केलं, तेव्हा त्यांच्या आईने दोन वर्षं बोलणं टाकलं होतं. मग इथल्या डेअरीत नोकरी लागली आणि दोघं या मुलखात आली. चहूकडे पाणी बघून शामलाबाईंना माहेरी आल्यासारखं वाटलं. फक्त इथली रीत त्यांना कळेना. लोक मासा धरतात, कौतुकाने बघतात आणि परत पाण्यात सोडतात! "सोडायचाच तर धरायचा काहून?" असं त्यांनी वर्षभर विचारलं. पुढे त्याच असा मासा सोडू लागल्या, जणू लेक सासरी पाठवताहेत. हरिहरराव मात्र या रीतीवर पहिल्या दिवसापासून खूश. संसाराचा तह तिथेच झाला: बाई मासे धरणार, ते बादली धरणार.

त्यात एकदाच विघ्न आलं. बाईंनी स्नेकरमेर सरोवरात एक जागा हेरली होती. तळाशी जुना खोल खड्डा, आणि त्यात ताटाएवढे ब्रासेम मासे. हरिहररावांनी बायकोच्या कौतुकापोटी ती जागा डेअरीतल्या एका सोबत्याला सांगितली. पुढच्या रविवारी तिथे अकरा होड्या! बाई भांडल्या नाहीत. नवी जागा शोधली, आणि त्या जागेजवळ होडी आली की म्हणायच्या, "मागं तोंड करून बसा जी." काठावरच्या खुणा दिसल्या नाहीत म्हणजे सांगणार काय? पस्तीस वर्षं हरिहरराव त्या जागेवर पाठमोरे गेले होते.

तर त्या सकाळी त्यांनी कणकेची गोळी गळाला लावली, दोराला तरंगतं लाल बोंड बांधलं आणि गळ पाण्यात टाकला. पाच मिनिटांत खिशातला फोन वाजला.

"अहो जी, काय करून राहिले तुम्ही?"

"मासे धरतोय."

"मासे? ते लाल बोंड आडवं पडून झोपलं आहे. त्याले उभं धरणारं शिसं कुठं लावलं?"

"लावलंय की."

"कुठं? खिशात?"

त्यांनी मागे वळून पाहिलं. शामलाबाई कोपरावर रेटून पलंगावर उठून बसल्या होत्या. दारं बंद झाल्यापासून पहिल्यांदा.

हरिहररावांना अभिनयाचं अंग नव्हतं. एका गणेशोत्सवातल्या नाटकात दूताचं एकच वाक्य मिळालं होतं. तेही राजाला सांगायच्या ऐवजी राणीला सांगून आले होते. पण त्या रात्री त्यांनी वहीत दुसऱ्या दिवशीच्या चुका क्रमवार लिहून काढल्या.

मग रोज सकाळी दहाला प्रयोग. एकदा काठी उलटी जोडली. एकदा गळ मागच्या झुडपात अडकवला आणि झुडपाशीच झुंजत राहिले. बाई फोनवर तडतडायच्या, पलंगाच्या कडेला यायच्या, दांडा धरून उभ्या राहायच्या. एकदा हरिहररावांनी डबा उघडून काचेकडे दाखवला आणि फोनवर म्हणाले, "आज गांडुळं आणलीत."

"एप्रिलात गांडूळ? बंदी आहे जी! परवाना जाईल! ठेवा, आधी ठेवा ते!"

बाई चालण्याची चौकट धरून दोन पावलं पुढे आल्या. डब्यात शिजवलेल्या शेवया होत्या.

पण दोनांची तीन होईनात. मे अर्धा सरला. नीन्के दारात उभी राहून मान हलवायची. वहीतल्या चुका संपत आल्या.

आणि मग एका सकाळी, झोपेत चुकीने बरोबर उत्तर यावं तसं, लाल बोंड गपकन बुडालं. काठी वाकली. हरिहररावांना आता खरंच काही कळेना. ते उभे राहिले, स्टूल कलंडलं, बादली गडगडत कालव्यात गेली.

मागे काचेवर धाडधाड हात आपटला. वरची झडप उघडली.

"ओढू नका! दोर सैल सोडा! दमू द्या त्याले!"

"सोडतोय गं, सोडतोय!"

"आता जाळी खालून. खालून म्हटलं! हात ओले करा आधी, कोरडा हात लागला तर साल जाते त्याची!"

हरिहररावांनी दोन्ही हात पाण्यात बुडवले. चपटा, तांबूस, परातीएवढा ब्रासेम. गळ अलगद सुटला. त्यांनी मासा पाण्यात धरला; त्याने एकदा शेपूट हलवली आणि गेला.

मग ते वळले. शामलाबाई काचेला दोन्ही तळवे लावून उभ्या होत्या. चौकट पार मागे, पलंगापाशीच राहिली होती. दारात नीन्के, एक हात तोंडावर. दुसऱ्या हाताची बोटं ती हरिहररावांना दाखवत होती: पाच, आणि पुन्हा एक.

सहाची दहा व्हायला मग बारा दिवस पुरले. मेच्या शेवटच्या शनिवारी बाई घरी आल्या. पलंग खालच्या खोलीत मांडला होता. जिन्याकडे त्यांनी बघितलंही नाही.

जुलैत त्यांनी होडी काढायला लावली. काठीचा आधार घेत, कुरकुरत, हरिहररावांचा खांदा दाबत त्या पुढे सुकाणूशी बसल्या. सरोवर आरशासारखं होतं. अर्ध्या तासाने मोटारचा आवाज मंदावला, तसे हरिहरराव सवयीने मागे तोंड करून बसले.



"डब्यात शेवया होत्या ना?" बाईंनी विचारलं.

हरिहररावांनी होडीची कड नखाने खरवडली.

"गांडूळ वळवळते जी. ते तर नुसते पडून होते."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमचा खेळ रंगला होता." बाईंनी मोटार बंद केली. पाणी होडीला चापट्या मारत राहिलं. हरिहरराव मागचा किनारा बघत होते. पाठीमागून काठीचं टोक त्यांच्या खांद्याला टोचलं.

"इकडं तोंड करा जी. तो चर्चचा मनोरा दिसते? आता त्याच्या डाव्या अंगाला पाहा."