मागचा डावा स्पीकर

पासलीच्या धोंडिबामामांचं नाव आधी लिहितो, मग बाकीचं. त्या दिवशी ते नसते तर आज मी माझं काम करू शकलो नसतो, आणि दुसरं कुठलंच काम मला येत नाही. लिहिण्यात चुका असतील, सांभाळून घ्या... शाळा आठवीतच सुटली.

भूतखेत, बाहेरचं, असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आमचं गाव वाशिम जिल्ह्यात. तिथल्या ज्या चिंचेखालून लोक दुपारी जात नाहीत, त्याच चिंचेखाली मी झोपा काढल्यात. त्यात माझा धंदा आवाजाचा. रिकाम्या घरात ठक् झालं की लोक दचकतात, मी कुठला पाइप तापला ते बघतो.

पुण्यात एका शेठकडे मी होम थिएटर बसवायचं काम करतो. शिक्षण नाही, इंग्रजी नाही, पण कान चांगले आहेत. स्पीकरची वायर उलटी जोडली गेली तर दुसरे लोक मीटर काढतात, मी डोळे मिटून सांगतो कुठली ते. शेठनं ठेवलंय ते त्याच्यावरच. गावी आई-वडील, बायको, मुलगी — चार माणसं माझ्या दोन कानांवर जेवतात. हे आधी सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर पासलीला काम निघालं. वेल्ह्याच्या पुढे, डोंगरात. भातकापणी झालेली, खाचरं मोकळी पडलेली. पुण्याच्या एका रिटायर्ड साहेबांनी तिथं बंगला बांधला होता आणि त्यातली एक खोली खास सिनेमासाठी ठेवली होती. साहेबांना मोठे उभे स्पीकर हवे होते. मॅडमना खोलीत एकही डबा दिसायला नको होता. "ते खोके येणार असतील तर मी इथं येणार नाही," म्हणाल्या. शेवटी मी भिंतीतले स्पीकर सुचवले. भिंत कापायची, स्पीकर आत बसवायचा, वरची जाळी भिंतीच्याच रंगात रंगवायची. बाहेरून काही कळत नाही. समोर तीन, बाजूला दोन, मागे दोन असे सात ठरले. साहेब मला हळूच म्हणाले, "संसार वाचवलास बाबा."

मी चार दिवस तिथं एकटाच मुक्कामाला होतो. स्पीकरच्या खोक्यात कागदाचा साचा येतो. तो भिंतीला चिकटवायचा, पेन्सिलनं आखायचं, मग कापायचं. एकदा कापलं की माघार नाही, म्हणून मी प्रत्येक माप तीनदा घेतो. भिंत नवी, ब्लॉकची, आतून जिप्समचे बोर्ड. कापताना काही सापडलं नाही — हाड नाही, नाणं नाही, काही नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण मी हे ज्यांना सांगितलं त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला.

जेवणाची सोय शेजारच्या धोंडिबामामांकडे होती. बंगल्याच्या मागचं खाचर त्यांचं. मामी रोज तांदळाची भाकरी आणि कालवण पाठवायच्या. आमच्याकडची माणसं ज्वारीवर वाढलेली, पण चौथ्या दिवसापर्यंत मला त्या भाकरीची सवय झाली होती.

चौथ्या दिवशी सकाळी दहाला सगळं जोडून झालं. आता मशीनला, म्हणजे सगळे स्पीकर ज्याला जोडतात त्या ॲम्प्लिफायरला, खोली मोजायला लावायची होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. माणूस जिथं बसणार त्या खुर्चीवर कानाच्या उंचीला एक छोटा माईक ठेवतात. मशीन एकेका स्पीकरमधून टेस्टचा आवाज सोडतं, तो माईकपर्यंत यायला किती वेळ लागला त्यावरून प्रत्येक स्पीकर किती लांब आहे ते काढतं आणि टीव्हीवर आकडे दाखवतं. त्या आकड्यांवर सगळा मेळ बसतो.

मी पंखा बंद केला, दार लावलं, मशीन सुरू केलं. आकडे आले. समोरचे बरोबर. बाजूचे बरोबर. मागचा उजवा दोन पॉइंट सहा मीटर, बरोबर.

मागचा डावा — अकरा पॉइंट आठ.

ती खोलीच सहा मीटरची आहे.

चूक माझीच असणार म्हणून वायर तपासली, परत मोजलं. अकरा पॉइंट आठ. मग मागचे दोन्ही स्पीकर काढून आपसात बदलले. स्पीकर खराब असेल तर चूक उजवीकडे जायला हवी होती. गेली नाही. डाव्या जागेवर कुठलाही स्पीकर लावा, आकडा तोच. म्हणजे खोट स्पीकरमध्ये नव्हती.

मला राहवेना. टेप घेतला, खुर्चीपासून मागच्या डाव्या कोपऱ्यापर्यंत मोजलं, मग बाहेर जाऊन भिंतीपासून त्याच रेषेत पुढे चालत गेलो. अकरा पॉइंट आठ मीटर मामांच्या खाचरात भरले, बांधाच्या थोडं अलीकडे. तिथं काहीच नव्हतं. दगड नाही, झाड नाही, विहीर नाही. भाताची खुंटं आणि कोरडी माती. मी तिथं उभा राहिलो.

मामा पेंढा रचत होते. टेप बघून म्हणाले, "पाव्हणं, रस्ता निघतोय का आमच्या खाचरातनं? आदी सांगा, म्हशीला दुसरं घर बघाया लागंल."

मी हसलो, काहीतरी सांगून आत आलो. परत मोजलं.

नऊ पॉइंट तीन.

परत. सात पॉइंट एक.

खरं सांगतो, तेव्हाही मला भीती वाटली ती शेठची. साहेब-मॅडम चार वाजता येणार होते. रेंज फक्त गच्चीवर यायची. वर जाऊन शेठला फोन लावला. शेठ गाडीत होते. म्हणाले, मशीनचं काय ऐकतोस, टेप आहे ना तुझ्याकडे? आकडा हातानं टाक, सेव्ह कर, फोटो पाठव. बरोबरच होतं. आम्ही असं नेहमी करतो.

खाली आलो. मागचा डावा — रिमोटनं दोन पॉइंट सहा केलं. सेव्ह केलं. आणि माझा डावा कान गेला.

बंद झाला असं नाही म्हणता येणार. पोहताना पाणी जातं तसंही नव्हतं. तो भरला. कुणी कानाला तोंड लावून काही सांगायला येतं तेव्हा बाकीचं ऐकू येईनासं होतं, तसं. आणि त्या भरलेल्या कानात एकच आवाज होता. माणूस बोलायच्या आधी श्वास घेतो ना... तेवढाच. पुढचा शब्द नाही. परत श्वास. परत शब्द नाही.

मी मशीन बंद केलं. मेन स्विच पाडला. कानाशेजारी चुटकी वाजवली. चुटकी ऐकू आली नाही, श्वास ऐकू आला. ओलसर, ऊबदार. मान वळवली की तोही वळायचा.

तेव्हा मला मुलगीच आठवली. म्हटलं, आता हिचं कसं व्हायचं.

मी खाचराकडे पळालो. मामांना काय सांगितलं ते आठवत नाही, पण त्यांनी हातातला पेंढा खाली ठेवला आणि मला बांधावर बसवलं. पाणी दिलं. मग विचारलं, "हाक मारली का त्यानं?"

"नाही. नुसता श्वास घेतं."

"तू ओ दिलीस?"

"नाही."

"देऊ नगंस. आमच्यात तीन हाका झाल्याबिगर कुनी ओ देत न्हाई. माणूस असंल तर तिसऱ्यांदा हाक मारतंच." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आन् तू काय केलंस नेमकं?"

मी सांगितलं. मशीन म्हणत होतं की ते इथं आहे, या खाचरात. मी ते खोलीत आहे असं लिहिलं.

मामा हसले नाहीत. "म्हंजी ते भाईर हुतं. तू आत लिवलंस."

"हो."

"मंग जिथलं हाय तिथं लिव की परत. पयला आकडा ध्येनात हाय का?"

इतकी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. पण परत त्या खोलीत जायचं माझ्याच्यानं होईना. मामा म्हणाले, चल, म्या बसतो तवर. चपला बाहेर काढून ते आत आले आणि सरळ मागच्या रांगेत, डाव्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसले, त्या जाळीच्या शेजारी. गादीत रुतले तेव्हा म्हणाले, "लई मऊ हाय रं. हितं माणूस सिनेमा बघंल का झोपंल?"

मी स्विच वर केला. टीव्ही लागला. दोन पॉइंट सहा. मी आकडा वाढवायला लागलो. रिमोटवर एकेक दाबावं लागतं, दाबून धरून पळत नाही. तीन... चार... कानातला श्वास लांब व्हायला लागला. पाच... सहा... आता कुठल्याही क्षणी शब्द येणार असं वाटत होतं, आणि मला त्याला 'ओ' द्यावीशी वाटत होती. का ते सांगता येत नाही. तहान लागते तसं. तोंड उघडलं होतं मी.

तेवढ्यात मागून मामा बोलले. मोठ्यानं नाही. बांधावरून कुणी हाक मारली तर माणूस बोलेल, तसं.

"ओ."

मी वळून बघितलं. त्यांनी डावा कान जाळीला लावला होता. डोळे मिटलेले. मला हातानं खूण केली — चालू ठेव. मी दाबत राहिलो. अकरा पॉइंट आठ. सेव्ह.

माझा कान उघडला. बाहेर म्हशीच्या गळ्यातली घंटा वाजत होती, स्वयंपाकघरात फ्रिज घरघरत होता. इतका सुंदर आवाज फ्रिजचा मी कधी ऐकला नव्हता. मी रडलो, खोटं कशाला सांगू.

मामांनी कान जाळीवरून काढला. मग उठले, म्हणाले, "चल, च्या घे." बाहेर पडताना मी त्यांच्या डाव्या बाजूनं चालत काही तरी विचारलं. त्यांनी उत्तर दिलं नाही. मला वाटलं, विषय नको असेल.

साहेब-मॅडमना थिएटर आवडलं. एक स्पीकर अकरा मीटरवर धरून चाललाय, म्हणजे मेळ चुकायलाच हवा, पण साहेब म्हणाले, तो मागचा कोपराच सगळ्यात भारी वाजतो. मोजायचा माईक मी मशीनच्या खोक्यात परत ठेवला नाही. माझ्या बॅगेत आहे. शेठला माहीत नाही. पुन्हा कुणी ती खोली मोजू नये एवढंच माझ्या मनात होतं. भोरला डॉक्टरांना कान दाखवला, ते म्हणाले काही झालेलं नाही.

चार महिन्यांनी वेल्ह्यात काम निघालं तेव्हा मुद्दाम पासलीला गेलो. मामी दारातच होत्या. म्हणाल्या, "उजवीकडनं बोला. डाव्या कानानं त्येंना ऐकाया येत न्हाई." कधीपासून विचारलं तर म्हणाल्या, तुमचं काम झालं त्या दिवसापासनं. त्याआधी डोंगरापल्याड म्हैस हंबरली तरी कुणाची ते सांगायचे. मामा म्हणाले, म्हातारपण हाय, तिचं काय ऐकतोस.

मी त्यांच्याशी कानाच्या मशीनबद्दल बोललो. चांगलं घेऊन देतो, मी स्वतः बसवतो म्हटलं. त्यांनी नको म्हणून मान हलवली. मग मामी आत गेल्यावर मी विचारलं, "मामा, त्या कानात काहीच येत नाही का?"

"येतं की," म्हणाले. आणि पेंढ्याकडे बोट दाखवून यंदा किती झाला ते सांगायला लागले.

मी यावर खूप विचार केला. जाणकारांना विचारलं. भिंतीवरून आवाज परत फिरून येतो, मशीनमध्ये बिघाड असू शकतो, ताणानं कान बंद होतात — हे सगळं मला पटतं, एकेक करून. सगळं मिळून पटत नाही. मामांच्या कानाचं तर कुणालाच सांगता आलं नाही.

निघताना मामींना माझा नंबर लिहून दिला. सांगितलं, मामा ज्या दिवशी म्हणतील की आता पुरे झालं, त्या दिवशी फक्त फोन करा. मी जिथं असेन तिथून निघेन. माईक घेऊन येईन, त्याच खोलीत, त्याच खुर्चीवर मी बसेन, आणि कान माझा देईन.