साडूंची काच

आमच्या साडूंइतका पावसाळा अर्धवट पाहिलेला माणूस हिंगोली जिल्ह्यात दुसरा नसेल. गेली नऊ वर्षं ते तो गाडीच्या काचेवरच्या पट्ट्यांमधून पाहत होते. वायपर फिरला की त्यांच्यासमोर पाच धनुष्याकार रेघा उमटत. मी मोजल्या आहेत. साडू दोष रबराला देत. त्यांनी चौदा वेळा रबर बदललं, काचेला टूथपेस्ट लावली, कच्चा बटाटा घासला. बटाट्यानंतर रेघा सहा झाल्या. पाऊस आला की ते मान डावीकडे कलती करून माझ्या खांद्यावरून रस्ता पाहत. "तुमच्या बाजूनं समदं बराबर दिसून राहिलं," असं म्हणत, जणू चांगली काच मीच बळकावली होती. एकदा कनेरगाव नाक्याजवळ त्यांनी गाडी थांबवून तीन मिनिटं हॉर्न वाजवला. "काहून हलंना हे म्हसरू?" ते म्हसरू नव्हतं. ढाब्याची पाण्याची टाकी होती.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, पण यंदा श्रावणात त्यांना लेकीला बाळंतपणासाठी वाशिमहून आणायचं होतं. तिला आठवा महिना होता. साडू आदल्या दिवशी घरी आले. म्हणाले, "साडूभाऊ, टाकीला धडकलो तर हसतान लोक. पण उद्या लेकरू राहीन गाडीत. तुमी चला." रस्त्याची डावी बाजू मी पाहायची, असं ठरलं.

निघताना मी पहिल्यांदाच नीट पाहिलं. मेहुणी ताट घेऊन आली आणि तेलात कालवलेल्या कुंकवाने तिने काचेवर स्वस्तिक काढलं, चालवणाऱ्याच्या बरोबर समोर. ती घरात वळताच साडूंनी ते कोरड्या फडक्याने पुसलं. कुंकू गेलं. तेल त्यांच्या बाजूच्या काचेवर पसरलं.

"दर खेपेला असंच?" मी विचारलं.

"व्हय. तिला वाईट नको वाटाया, म्हून ती आत गेल्यावर पुसतो."

मी म्हणालो, "रेघा रबराच्या नाहीत, या तेलाच्या आहेत. माझ्या बाजूला स्वस्तिक नाही आणि रेघही नाही."

साडूंनी काचेवरून बोट फिरवलं आणि ते नाकाशी नेलं. मग म्हणाले, "चौदा रबरं!" दुकानातून दोन रुपयांची शाम्पूची पुडी आणून त्यांनी काच तीनदा धुतली. वाशिमपर्यंत धो धो पाऊस होता आणि रेघ एकही नव्हती. रस्त्यात एवढी झाडं आहेत हे त्यांना नव्यानेच कळत होतं.

लेकीला गाडीत बसवलं, तोच विहीणबाई तेल-कुंकवाची वाटी घेऊन गाडीसमोर आल्या. मी डोळे मिटले. नको म्हणावं तर लेकीच्या सासरचा मान, आणि हो म्हणावं तर परतीचा पंचेचाळीस किलोमीटरचा पाऊस. साडू चटकन खाली उतरले, टोपी काढली आणि मान पुढे केली. "विहीणबाई, गाडी काय, मी चालवीन तशी चालती. कुंकू मलाच लावा."

"इवाई, तुमी काय नवरदेव हाव का?" विहीणबाई म्हणाल्या. पण त्यांनी लावलं, चांगलं ठसठशीत.

परतताना साडू ताशी तीसच्या वर गेले नाहीत. मागे लेक झोपली होती. आरशात तिच्याकडे पाहता पाहता ते दोनदा बाहीने डोळे पुसताना मला दिसले.

"तेल उतरून राहिलं डोळ्यात," ते म्हणाले.

कुंकू कपाळावर जागच्या जागी होतं, सूतभरही ओघळलं नव्हतं. कुणाच्या बोलण्यात चूक दिसली की मी गप्प बसत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवशी मात्र मी रस्त्याची डावी बाजू पाहत राहिलो.