न पडलेला कौल

देव आहे की नाही, यावर आमच्या घरात कधी वाद झाला नाही. आई रोज सकाळी देवापुढं बसायची आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, देवघराकडं पाठ करून पेपर वाचायचे. दोघांचं बरं चाललं होतं. मला कुणी विचारलं तर मी सांगते, की गरजेपुरता मानते. त्यावर लोक हसतात. हसू देत. माझी गरज मोठी आहे, कारण मी जन्माची भित्री आहे, आणि ही भीती कुठून आली तेही मला पक्कं ठाऊक आहे.

अण्णा रेल्वेत ड्रायव्हर होते. मालगाड्या चालवायचे. माझं लहानपण होटगीच्या रेल्वे क्वार्टरात गेलं. बाकीचे ड्रायव्हर इंजिनात चढले की आधी खिशातला फोटो काढून काचेशी लावत, कुणी उदबत्ती ओवाळत. अण्णा तसलं काही करत नसत. त्यांना एकदा मी कारण विचारलं, तर म्हणाले, "देवावर भार टाकला की ब्रेकवरचा हात ढिला पडतो." देव न मानण्याची पुढं मी बरीच कारणं ऐकली, भाषणांत, पुस्तकांत. त्यांतली कितीतरी हुशारीची होती. पण या एका कारणानं माझी झोप उडाली होती. एवढी मोठी गाडी, आणि तिच्या आणि संकटाच्या मधे फक्त आमच्या अण्णांचा एक हात. त्या हाताची बोटं मी जेवताना निरखून बघायची.

आईचं सगळं उलटं. अण्णा डबा घेऊन बाहेर पडले की ती दारातून आत यायची, देवीच्या तसबिरीपुढं उभी राहायची आणि दोनच शब्द बोलायची, "आता तुझ्याकडं." हात जोडायची आणि लगेच भांड्यांना लागायची. कॉलेजात गेल्यावर मला शिंगं फुटली होती. मी तिला डिवचलं, की तुझी देवी काय इंजिनात जाऊन बसते का. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यांच्या हातात ब्रेक असतोय. माझ्या हातात काय हाय?" ज्याच्या हातात काही असतं तो देवाशिवाय चालवून नेतो, आणि घरात बसून नुसती वाट बघायची ज्याच्या वाट्याला येते त्याला कुणाला तरी हाक मारावीच लागते, एवढंच मला त्या दोघांकडं बघून कळलं.

अण्णांनी मला एक नियम शिकवला होता. रुळाकाठचा सिग्नल बिघडून विझला असेल, हिरवा नाही, पिवळा नाही, काहीच दिसत नसेल, तर तो लाल समजायचा. गाडी उभी करायची. त्यांनी सहज सांगितलं, माझ्या मात्र ते हाडीमाशी खिळलं. लोक म्हणतात, काही बातमी नाही म्हणजे सगळं बरं आहे. आमच्याकडं काही बातमी नाही म्हणजे वाईट. फोन उचलला नाही, लाल. गाडी यायची वेळ टळली, लाल. या घरात वाढलेलं माणूस भित्रं होणार नाही तर काय होईल?

गेल्या वर्षी आईला जिना चढताना धाप लागायला लागली. आम्ही आता सोलापुरात राहतो, अण्णांनी रिटायर झाल्यावर घेतलेल्या फ्लॅटमध्ये. मी नोकरी इथंच करते, लग्न मोडून परत आले त्यालाही बरीच वर्षं झाली. आईच्या पायांवर सूज दिसायला लागली तेव्हा आम्ही तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की हृदयाची झडप खराब झालीय, बदलावी लागेल, आणि उशीर केला तर ऑपरेशन झेपण्याची ताकद राहणार नाही. ऑपरेशनमध्येही धोका आहे, हे त्यांनी लपवलं नाही. त्यांनी दिलेली तारीख मी तिथंच लिहून घेतली. आई मात्र शांतपणे म्हणाली, की आधी देवीला कौल लावायचा, ती हो म्हणाली तरच टेबलावर झोपेन.

आईचं नाही म्हणजे नाही असतं. कौल डावा आला असता तर साक्षात डॉक्टर पाया पडले असते तरी ती गेली नसती, हे मला आणि अण्णांना दोघांनाही माहीत होतं. मी आतून पेटले होते. एका फुलाच्या पाकळीवर माझ्या आईचा जीव टांगायचा? मी अण्णांकडं बघितलं, की आता तरी हे काही बोलतील. ते म्हणाले, "रिक्षा किती वाजता सांगू?"

नव्या पेठेत जाऊन मी ओटीसाठी खण घेतला. दुकानदारानं हिरवा दाखवला, लाल दाखवला. मी लाल खणाला हातसुद्धा लावला नाही. गरजेपुरता देव मानणाऱ्या माणसाची ही अशी तऱ्हा असते.

देवीचं ठाणं होटगीच्या पलीकडं शेतात आहे. लहानसं देऊळ, पुढं पत्र्याची शेड. गुरवानं पाषाणावर पाणी शिंपडलं आणि शेवंतीच्या ओल्या पाकळ्या देवीच्या दोन्ही अंगांना चिकटवल्या. उजवी पाकळी पडली तर देवी राजी, डावी पडली तर नाही. त्यानं आईला विचारलं, काय विचारायचंय. आई म्हणाली, "मनात धरलंय." मग गुरवानं गाऱ्हाणं घातलं आणि आम्ही बसलो. अण्णा आयुष्यात पहिल्यांदा त्या देवळात आले होते. उंबऱ्याच्या आत आले नाहीत, शेडच्या खांबाला टेकून उभे राहिले.

माझी नजर डाव्या पाकळीवरून हलेना. मनातल्या मनात मी तिला दटावत होते, विनवत होते, तिथंच राहा म्हणत होते. ज्या दगडावर माझा विश्वास नाही त्याची मला एवढी भीती का वाटावी? पण वाटत होती. मला तेव्हा असं वाटलं, की विश्वास हा मागाहून येत असावा. आधी भीती येते आणि ती कुठं ठेवायची म्हणून माणूस जागा शोधतं.

पाकळी पडेना. उजवी नाही आणि डावीही नाही. गुरवानं पुन्हा पाणी शिंपडलं, पुन्हा गाऱ्हाणं घातलं. ऊन शेडच्या आतपर्यंत आलं. आईची धाप मला ऐकू येत होती. शेवटी गुरव म्हणाला, की आज देवी बोलत नाही, अमावास्येनंतर परत या. अमावास्येनंतर म्हणजे डॉक्टरांनी दिलेली तारीख टळणार होती. आईनं मान हलवली आणि उठायला लागली. तिच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेली भीती होती. मला रडू तेवढं आलं.

तेव्हा अण्णा खांब सोडून पुढं आले. चपला काढल्या, उंबरा ओलांडला आणि आईशेजारी खाली बसले.

"सिग्नल न्हाई दिसला तर लाल धरायचा," ते म्हणाले, "पर लाल म्हंजे गाडी जलमभर उभी करायची असं नसतंय. काही सिग्नल असे असतेत, की तितं थांबायचं, जरा वाट बघायची, आन् मग हळू निघायचं. नियमातच हाय तसं."

आईनं विचारलं, "हळू म्हंजे किती हळू?"

"पुढं कायबी आडवं आलं तर थांबता आलं पायजे, इतकं."

आई पाषाणाकडं बघत राहिली. अण्णांनी देवी खोटी आहे असं म्हटलं नाही. खरी आहे असंही म्हटलं नाही. आयुष्यभर जे जवळ होतं तेच तिला दिलं. आईनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, उठली, ओटी भरली आणि परत जाताना रिक्षात मला म्हणाली, डॉक्टरला सांग, येते म्हणून.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी तिला हिरवा गाऊन घातला होता. मंगळसूत्र काढून तिनं माझ्या मुठीत दिलं. अण्णा खाली औषधं आणायला गेले होते. तेवढ्यात तिनं मला जवळ ओढलं.

"मी आपरेशनचं इचारलंच न्हाई गं देवीला."

"मग काय विचारलंस?"

"मी इचारलं, ह्यांनी तुला कदी एक हाक मारली न्हाई, त्याचा राग हाय का तुला? नसंल तर उजवी दे म्हणलं. तिनं कायच दिलं न्हाई." मग म्हणाली, "त्यांना सांगू नगं."

तिला आत नेलं. मी तिथंच मूठ आवळून उभी राहिले. म्हणजे ती त्या दारातून आत गेली ती नवऱ्याचा अपराध आपल्या छातीवर घेऊन. देवीचा राग निघालाच तर तो आपल्यावर निघेल, असं धरून ती झोपली होती. डॉक्टर म्हणाले होते, पेशंटचं मन शांत ठेवा. मला त्या क्षणी देवीचा राग आला, आईचा आला, अण्णांचाही आला, आणि सगळ्यांच्या खाली नुसती भीती होती.

ऑपरेशन थिएटरच्या दारावर लाल दिवा होता. तो लागला. अण्णा समोरच्या बाकावर येऊन बसले. शेजारी एक बुरख्यातल्या बाई होत्या, त्यांचा भाऊ आत वॉर्डात होता. त्यांच्या हातात तसबीह, म्हणजे जपाची माळ होती, एकेक मणी पुढं सरकत होता. अण्णा तिकडं बघत होते. त्या बाईंच्या बोटांना काम होतं. अण्णांचे हात मांडीवर उताणे पडले होते, लहानपणी मी निरखायची तेच हात, आणि त्यांना धरायला काहीही नव्हतं. त्यांना इतकं रिकामं मी कधी बघितलं नव्हतं.

दुपार झाली. बाकावरच्या कुणी चहा विचारला, आम्ही नको म्हणालो. आणि मग तो दिवा विझला.

"सुटलात बघा," कुणीतरी म्हणालं. "दिवा गेला म्हंजे झालं आपरेशन."

मी उठले. दार उघडेल म्हणून थांबले. दार उघडलं नाही. अण्णाही उठले होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"विझला," ते म्हणाले.

"संपलं असेल, अण्णा. म्हणून बंद केला असेल."

"विझलेला दिवा लाल असतोय."

मी त्यांचीच मुलगी, माझ्याही डोक्यात दुसरं काही नव्हतं. आतून कुणी येईना. अण्णांनी माझं मनगट धरलं. बोटं रुतली इतकं घट्ट.

"मी ड्युटीवर निघालो, की ती काय म्हणती गं देवीपुढं उभी राहून?"

इतक्या वर्षांत त्यांना ते माहीत नव्हतं. ते निघून गेल्यावर ती म्हणायची, त्यांना कसं माहीत असणार?

मी सांगितलं, "आता तुझ्याकडं, म्हणते."

त्यांनी माझं मनगट सोडलं. दारासमोर जाऊन उभे राहिले. हात जोडले नाहीत, तसेच खाली लोंबत ठेवले. साहेबाच्या केबिनबाहेर उभं राहून बोलावं तसं, अडखळत म्हणाले, "आता... तुमच्याकडं."

थोड्या वेळानं एक सिस्टर काहीतरी घ्यायला बाहेर आल्या. मी दिव्याचं विचारलं. त्यांनी वर बघितलं. "बल्ब गेलाय वाटतं. अजून चालू आहे आत." आणि परत गेल्या. म्हणजे लालच होता तो. अण्णा बाकावर येऊन बसले आणि पुढचा सगळा वेळ त्या विझलेल्या दिव्याकडं बघत राहिले.

आई वाचली. घरी आल्यावर बरेच दिवस खोकला आला की छातीशी उशी दाबून धरायची, टाक्यांना धक्का नको म्हणून. एका सकाळी मी तिचे केस विंचरत होते तेव्हा तिनं हळूच विचारलं, की हे बाहेर काय करत होते. मी सगळं सांगितलं, शब्दासकट.

आई हसायला लागली. "तुमच्याकडं म्हणाले? देवीला?"

"हो."

"ओळख न्हाई ना अजून," ती म्हणाली. मग तिचे डोळे भरले. उशी घट्ट धरून ती म्हणाली, "पडली की गं उजवी. लई उशिरा पडली."

पाकळी पडली असं मी मानत नाही, पडली नाही असंही छातीठोक सांगत नाही. बाहेरच्या खोलीत अण्णा नेहमीसारखे देवघराकडं पाठ करून पेपर वाचत होते. हसता हसता आईला खोकला आला. अण्णांच्या हातातला पेपर खाली आला, आणि तिचा खोकला थांबेपर्यंत खालीच राहिला.