साखर दिली, असं मी सांगितलं

पत्रक लिहायला बसले की माझा हात कधी अडत नाही. आज पहिल्या ओळीलाच तीन कागद फाडून झाले. जे लिहायचं आहे ते मी आईला सांगितलेलं नाही, संघटनेत नाही, आणि जिला माझं सगळं माहीत आहे असं वाटतं त्या मैत्रिणीलाही नाही. तुम्हाला सांगते. तुमचं तोंड मला दिसत नाही, म्हणून जमेल — कदाचित.

आमची वस्ती घाटकोपरच्या टेकडीवर. वर नळ नव्हता. बायका खालून हंडे वाहायच्या आणि वॉर्ड ऑफिस अर्जांवर अर्ज घेऊन गप्प बसायचं. म्हणून आम्ही साखळी उपोषण धरलं — रोज पाच माणसं, चोवीस तास, ऑफिसच्या फाटकासमोर. पत्रक मी लिहिलं. त्यात एक ओळ होती, माझी फार लाडकी: ‘पाणी, लिंबू, मीठ — यापलीकडे कणही नाही, साखरसुद्धा नाही!’

ही ओळ का? कारण त्याआधीच्या एका उपोषणात आमचा एक कार्यकर्ता ग्लुकोज पिताना सापडला होता आणि समोरच्या गटानं आमचं नावच पाडलं होतं. मी चौकातून चालले की त्या गटाच्या कट्ट्यावरून हाक यायची, “काय ग्लुकोजबाई, सुटला का उपास?” मला ते झोंबलं होतं. इतकं झोंबलं होतं, की नियम करताना माणसं डोळ्यांसमोर नव्हती, तो कट्टा होता.

तिसऱ्या दिवशी पाचातला एक जण तापानं आला नाही. परबकाका तेवढ्यात फलक घेऊन आले. मालवणकडचे, मिल सुटल्यापासून दुकानांच्या पाट्या रंगवून घर चालवायचे. आमचे फलक मात्र प्रेमानं लिहून द्यायचे. मी म्हटलं, काका, आज तुम्हीच बसा ना. ते म्हणाले, “बसतंय गो बाय, पण सकाळी मी सुई घेतलंय.”

सुई म्हणजे इन्शुलिनची. काकांना मधुमेह होता. सुई घेतली की वेळेवर खावं लागतं, नाहीतर रक्तातली साखर एकदम उतरते — हे मला माहीत होतं का? इथे मला अडाणी होता आलं असतं. पण माहीत होतं. माझ्या मामाचा हाच आजार. त्याच्या खिशात कायम खडीसाखरेची पुडी असते. तरी मी म्हटलं, संध्याकाळी बदली माणूस देते, तोवर बसा. पाचाचे चार झाले असते तर कट्ट्याला विषय मिळाला असता ना.

काका बसले.

साडेअकराला त्यांच्या शर्टाची पाठ भिजली. ऊन नव्हतं तसं. मग ते उगाच चिडायला लागले, घोषणा भलत्याच जागी द्यायला लागले. फाटकावरचा हवालदार अंगठा तोंडाशी नेऊन हसला, “काय मामा, सकाळी सकाळीच?” सगळे हसले. मीही हसले — हेही लिहायलाच हवं.

थोड्या वेळानं त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं. हात कापत होता. हळूच म्हणाले, “वायच साखर दी गो. पाण्यातून दी. कोणाक कळाचा नाय.”

आमच्या फलकांमागे एक स्टूल होतं. त्यावर लिंबं, मिठाची बरणी, आणि उपोषणाला न बसलेल्यांच्या चहासाठी साखरेचा डबा. एका हाताच्या अंतरावर दोन्ही. समोर वर्तमानपत्राचा फोटोग्राफर आलेला, कॅमेरा नीट करत होता. रस्त्यापलीकडे कट्ट्यावरचे चौघं उभे, आमच्या स्टुलाकडेच बघत. मी लिंबू पिळलं. साखरेचा डबा उघडला, आणि — तो बंद केला. मीठ घातलं. ढवळलं. ढवळताना काय विचार केला? काही नाही. खरंच काही नाही, फक्त पाठीवर त्या चौघांची नजर जाणवत होती.

काकांनी घोट घेतला आणि माझ्याकडे बघितलं. त्यांना चव कळली होती. मी म्हटलं, प्या काका, बरं वाटेल. त्यांनी पेला पुरा केला.

दहा-बारा मिनिटांनी ते बसल्या जागी कलंडले. हातपाय झटके द्यायला लागले. आम्ही त्यांना टॅक्सीत घातलं, काकूंना घरून आणायला माणूस धावला. इस्पितळात डॉक्टरांनी सुई टोचता टोचता विचारलं, काय दिलं होतं यांना? सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, “साखरेचं पाणी. चार चमचे.”

आवाज कापला नाही. भाषणांची सवय.

शिरेतून ग्लुकोज गेलं आणि काकांनी डोळे उघडले. काय झालं, कुठे होतो, काही आठवत नव्हतं. पुढच्या दोन दिवसांत मी त्यांना तीनदा विचारलं, “काका, काहीच आठवत नाही का हो?” काकू म्हणाल्या, पोरीला किती काळजी! काळजी नव्हती. मी खात्री करून घेत होते.

खरं पाप याच्या पुढे आहे. घरी सोडताना डॉक्टरांनी काकूंना समजावलं. घाम, कापरं, चिडचिड दिसली की आधी साखर — तीन-चार चमचे पाण्यातून, नाहीतर ग्लुकोज, नाहीतर उसाचा रस. सॅकरिनची गोळी उपयोगाची नाही, ती नुसती गोड. दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, उतार नसेल तर पुन्हा साखर. सावरले की मग पोळी, बिस्किटं. पेढा, लाडू, तुपाचं काही आधी देऊ नका, ते सावकाश चढतं. आणि शुद्ध नसेल तर तोंडात काहीच घालू नका, थेट इथे आणा.

काकूंनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, “पण डॉक्टर, साखर हिनं दिलीच होती ना? चार चमचे! तरी पडले.”

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. “नक्की साखरच होती?”

दार उघडं होतं. एक शब्द, बस. मी मान हलवली — हो.

त्यानंतर काकूंनी आपला कायदा केला. ह्यांना साखर लागू पडत नाही. पोटात जड काहीतरी गेलं पाहिजे. शेंगदाण्याचे लाडू वळून ठेवले, दुधात तूप घालून द्यायला लागल्या. मी एकदा पुटपुटले, डॉक्टर वेगळं म्हणाले होते ना. त्या म्हणाल्या, “डॉक्टर पुस्तकातलं सांगतो गं. तू तर डोळ्यांनी बघितलंस.”

हो. मी डोळ्यांनी बघितलं होतं.

चारेक महिन्यांनी मी फलकांचा मजकूर द्यायला त्यांच्या घरी गेले. काका खाटेवर, घामानं निथळलेले, नजर भलतीकडे. काकू त्यांच्या तोंडात लाडू कोंबत होत्या — “चावा हो! चावा ना!” भुगा हनुवटीवरून सांडत होता. साखरेचा डबा माझ्या डोक्याशी फळीवर. मी उंबऱ्यात उभी. किती वेळ? एक हंडा भरतो तितका. कारण माझ्या डोक्यात एकच — साखर दिली आणि काका उठून बसले, तर काकू विचारतील, मग त्या दिवशी का नाही उठले?

मी एवढा हिशेब करेपर्यंत काका उठले, माझ्या बाजूनं दाराबाहेर निघाले, आणि पायरीवर उजव्या हातावर पडले.

काकू शेजाऱ्यांना हाका मारत धावल्या. तेव्हा — काकू नसताना — मी डबा काढला. काका शुद्धीत होते, गिळत होते. मी साखरेचं पाणी घोटघोट पाजलं. काकू माणसं घेऊन आल्या तोवर ते भानावर येऊन विचारत होते, “काय झाला गो माका?” काकूंनी देवाला हात जोडले. म्हणाल्या, “बघ, लाडूच लागू पडला शेवटी.”

मी म्हटलं, “हो.” पेला तोवर मी विसळून पालथा घातला होता.

मनगट वाकडं जुळलं. काका आता पाट्या लिहीत नाहीत. काकू दोन घरी स्वयंपाकाला जातात. नळ दीड वर्षानं आला. आमच्या उपोषणामुळे आला असं आम्ही सभेत सांगतो. त्या दिवशीचा फोटो कुठेच छापून आला नाही.

‘बेजबाबदार’, ‘निर्ढावलेले’, ‘माणसाच्या जिवाची किंमत नसलेले’ — हे शब्द मी वॉर्ड ऑफिसबद्दल किती पत्रकांत छापले असतील? दरवेळी कुणीतरी टाळी दिली, झकास लिहिलंस म्हणून.

काकांची सुई अजून चालू आहे. काकूंचे लाडू अजून डब्यात आहेत. म्हणजे हे संपलेलं नाही, उद्या सकाळीही होऊ शकतं.

हा कागद संपला की मी टेकडी चढणार आहे. काकू विचारतील, चहा टाकू का गं? बसणार नाही. उभ्यानं सांगेन — काकू, साखर लागू पडते. त्या दिवशी मी दिलीच नव्हती.